गेमिंग झोनमध्ये एस्केप रूम स्वतः बांधायची आहे: कुलपं, वायरिंग, रिसेट

रिकामा_हॉल

गेमिंग झोनमध्ये ६ बाय ५ मीटरचा, २.९ मीटर उंचीचा हॉल आहे. तिथे ६० मिनिटांची, ४ ते ६ जणांची एस्केप रूम (कोडी सोडवत कुलपं आणि दारं उघडायचा खेळ) करायची आहे. तयार किट नको. गोष्ट ठरली आहे: बंद पडलेली औषधांची प्रयोगशाळा. बाटल्यांचं फडताळ, जुना तराजू, दोन-तीन कपाटं आणि आतल्या खोलीत नेणारा चोरदरवाजा. हॉल रोज १२ तास चालू असतो.

प्रश्न असे:

१. एवढ्या वेळात कोडी किती ठेवावीत आणि एकामागून एक की समांतर?
२. मॅगलॉक, सोलेनॉइड आणि साधी आकड्यांची कुलपं यांतलं कुठे काय?
३. सगळं एका मोठ्या कंट्रोलरवर (प्रोग्राम चालवणाऱ्या बोर्डावर) चालवावं की प्रत्येक कोड्याला वेगळा?
४. बाटल्या योग्य क्रमाने ठेवल्या की कपाट उघडायला हवं. आरएफआयडी (बाटलीला टॅग आणि तो दुरून ओळखणारा रीडर) त्यासाठी भरवशाचं आहे का?

सुतारकाम आणि वायरिंग करणारी माणसं हाताशी आहेत, पण असं काम त्यांनी केलेलं नाही. काय सांगायचं हेच कळत नाहीये.

---

कोडेकर

आधी घड्याळ मांडा. खेळ ६० मिनिटं, सुरुवातीच्या सूचना १०, बाहेर येऊन फोटोबिटो ५, रिसेट (पुढच्या गटासाठी सगळं परत लावणं) १५. झाले ९० मिनिटं, म्हणजे १२ तासांत आठ खेळ. रिसेट २५ मिनिटांवर गेला की तेच १०० मिनिटं होतात आणि सातच खेळ बसतात. म्हणून प्रत्येक कोड्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: हे परत लावायला किती सेकंद लागतात? ४० चिठ्ठ्या ४० जागी लपवायचं कोडं कागदावर झकास दिसतं. आठवडाभरात ते लावणारा माणूस चिठ्ठ्या चुकीच्या जागी ठेवायला लागतो आणि मग खेळणारे न सुटणारं कोडं सोडवत बसतात.

४ ते ६ जणांना एकूण १० ते १२ टप्पे पुरेत. 'टप्पा' म्हणजे काहीतरी उघडतं, पेटतं किंवा हातात येतं तो क्षण. पहिला टप्पा तीन-चार मिनिटांत सुटला पाहिजे, अगदी सोपा असला तरी चालेल. 'इथे असं चालतं' हे त्यातूनच लोकांना कळतं. त्यानंतर तीन धागे समांतर सोडा आणि तिघांची उत्तरं चोरदरवाजापाशी एकत्र आणा. आतल्या खोलीत दोनच धागे, मग शेवट. सगळं एकामागून एक ठेवलंत तर दोघं खेळतात आणि चौघं भिंतीला टेकून उभे राहतात.

कुलपांबद्दल एक नियम: एकाच जातीची दोन कुलपं एकाच वेळी खोलीत नकोत. चार आकड्यांची दोन असली की मिळालेला प्रत्येक आकडा लोक दोन्हीकडे फिरवून बघतात. एकावर आकडे, दुसऱ्यावर अक्षरं, तिसऱ्यावर दिशा असं करा, म्हणजे उत्तराच्या रूपावरूनच कुलूप कळतं. तीन आकड्यांच्या कुलपात एकूण १००० शक्यता, पण दोन आकडे सापडले की उरतात फक्त १०. तिसऱ्याचा माग कोणी काढत नाही, सरळ फिरवतात. म्हणून तिन्ही आकडे एकाच कोड्यातून एकदम बाहेर पडायला हवेत.

आणि ज्या कुलपाचा कोड मागची खिट्टी सरकवून बदलता येतो ते अजिबात घेऊ नका. उघड्या अवस्थेत खेळणाऱ्याच्या हातून खिट्टी सरकते, चाकं फिरतात आणि पुढच्या गटाला कोड काय आहे ते गेममास्टरलाही (खेळावर नजर ठेवणाऱ्या माणसालाही) ठाऊक नसतं. कोड बदलायला वेगळी किल्ली किंवा पिन लागते ते कुलूप घ्या. आणि तरीही कटर जवळ असू द्या.

मुद्दाम फसवे धागेदोरे पेरू नका. आग विझवायचं नळकांडं, एसीचा रिमोट, भिंतीवरचा निर्मात्याचा शिक्का हे सगळं लोक आपणहून धागा समजतात. तेवढी फसवणूक पुरते.

---

सोल्डरवाला

प्रश्न २ आणि ३.

मॅगलॉक म्हणजे विद्युतचुंबक. वीज आहे तोवर धरतो, वीज गेली की सोडतो. माणसं जातात त्या दाराला २८० किलोची ओढ धरणारा आणि लहान कपाटांना ६० किलोचा पुरतो. १२ व्होल्टवर मोठा साधारण ०.५ अँपिअर ओढतो आणि लहान ०.१ ते ०.२. दारावर बसणारी लोखंडी पट्टी करकचून आवळली की मॅगलॉक फसलाच म्हणून समजा. मधल्या बोल्टखाली रबरी वॉशर देतात ते पट्टी किंचित डुलावी म्हणून. डुलली तरच ती चुंबकाच्या तोंडावर पूर्ण टेकते. आवळून टाकली की एका कडेला कागदाएवढी फट राहते आणि २८० किलोचं कुलूप दोन हातांच्या हिसक्यात सुटतं. पट्टी बसवल्यावर बोटाने ढकलून बघा, हलली पाहिजे. पट्टीवर रंग, गंज किंवा टेप असली तरी परिणाम तोच.

दुसरी चूक वायरची. नेटवर्कची कॅट-५ केबल उरलेली असते म्हणून तिच्यातूनच कुलपाला वीज देतात. तिची एक तार जेमतेम ०.२ चौ. मिमी. १५ मीटरवरच्या कुलपासाठी जाऊन-येऊन ३० मीटर तार होते, तिचा रोध सुमारे २.६ ओहम, म्हणजे अर्ध्या अँपिअरला १.३ व्होल्ट वाटेतच संपतात. कुलपाला १०.७ मिळतात. धरायची ताकद प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे पाचवा हिस्सा गेलाच. त्याच जोडीवर तीन कुलपं टाकलीत तर विचारूच नका. कुलपांना १ चौ. मिमीची वायर स्वतंत्र ओढा. कॅट-५ सेन्सरपुरतीच.

सोलेनॉइडची लहान कपाटकुलपं उलटी असतात: वीज दिली की खिट्टी आत जाते. वीज अर्धा ते एक सेकंदच द्यायची. यातली बहुतेक कॉइल सतत विजेसाठी बनवलेली नसतात. प्रोग्राम अडकला आणि रिले (कंट्रोलरच्या सिग्नलवर चालणारा स्विच) चालूच राहिला तर कॉइल तापून जळते आणि प्लास्टिकचं आवरण वितळतं. वेळमर्यादा प्रोग्राममध्ये असावीच, शिवाय प्रत्येक सोलेनॉइडला स्वतःचा फ्यूज द्या.

प्रत्येक कॉइलवर, मॅगलॉक असो वा सोलेनॉइड, १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडा. डायोडवरची पट्टी प्लसकडे, आणि बसवायचा तो कुलपापाशी, कंट्रोलरच्या डब्यात नव्हे. तो नसला की वीज तोडताना उसळणारा दाब रिलेचे टोक जाळतो आणि शेजारचा कंट्रोलर रिसेट होतो. 'मधूनच आपोआप रिसेट होतं' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच निघतं. दुसरं कारण एकच पॉवर सप्लाय. कुलपांचा १२ व्होल्टचा सप्लाय वेगळा आणि कंट्रोलरचा वेगळा ठेवा, मायनस मात्र एकत्र बांधा.

कंट्रोलर प्रत्येक कोड्याला वेगळा. आर्डुइनो नॅनो किंवा ईएसपी३२ असा छोटा बोर्ड, एका कोड्याला एक, त्याच कोड्याच्या मागे. सगळं एका मोठ्या बोर्डावर आणलंत तर ६० तारा एका जागी येतात, त्यातली एक सैल झाली की शोधण्यात संध्याकाळ जाते आणि तोवर खोली बंद. वेगळे असले तर बिघडलेला बोर्ड काढून प्रोग्राम भरलेला दुसरा लावायला दोन मिनिटं. म्हणून बोर्डाला तारा थेट सोल्डर करू नका. स्क्रू टर्मिनलचा पाया घ्या आणि तारांच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी टोपी) दाबा. प्रत्येक जातीचा एक बोर्ड जादा ठेवा.

बोर्डांनी आपापसात बोलायचं असेल तर नेटवर्क केबल ओढून एमक्यूटीटी (नेटवर्कवरून संदेश पाठवायची पद्धत), नाहीतर आरएस-४८५ (दोन तारांवरून संदेश पाठवायची पद्धत), तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. वायफायवर कुलूप टांगू नका. हॉलमध्ये ५० फोन आले की संदेश उशिरा पोचायला लागतात.

सेन्सरच्या तारा दोन मीटरहून लांब असतील तर कंट्रोलरच्या आतल्या पुलअपवर (सिग्नलची तार प्लसकडे ओढून ठेवणाऱ्या रोधावर) विसंबू नका. तो २० ते ५० किलोओहमचा, फारच अशक्त. शेजारच्या कुलपाची वीज तुटली तरी सेन्सर दाबल्यासारखा वाटतो. बाहेरून १ ते ४.७ किलोओहम द्या, किंवा थेट पीसी८१७ ऑप्टोकपलर (विजेची जोडणी न करता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) घाला. प्रोग्राममध्ये सिग्नल ५० मिलिसेकंद स्थिर राहिला तरच खरा माना.

राहिली रिलेची जोडणी. मॅगलॉक रिलेच्या एनसी टोकावर (रिले बंद असताना जोडलेलं असतं ते) घ्या, म्हणजे कंट्रोलर बंद असला तरी कुलूप लागलेलं राहतं आणि खेळाच्या मधोमध रिसेट झाला तरी दारं फटाफट उघडत नाहीत.

---

रंधा_पटाशी

सुतारकामाचं कोणी बोललं नाही म्हणून.

घरचं कपाट आणि हे कपाट यांत फरक असा की इथे दिवसाला आठ गट प्रत्येक बंद दार ओढून बघणार, आणि ओढणारे शनिवारी जोशात असतात. कुलूप ६० किलोचं असेल तर कपाट १०० किलोची ओढ सोसेल असं धरा. एमडीएफच्या कडेत स्क्रू टिकत नाही, महिन्यात भुगा होतो. चौकट १८ मिमी प्लायची. बिजागरी आणि कुलूप आरपार नटबोल्टने, मागे मोठा वॉशर. मूठ दाराला नुसत्या स्क्रूने लावली की आधी मूठच हातात येते.

जे ओढायचं नाही त्याला मूठच ठेवू नका. खोटा खण, खोटी खिडकी, सजावटीचा नळ हे उपटले जातातच. भिंतीवरची सजावट एकतर पक्की, नाहीतर २.२ मीटरच्या वर.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागची बाजू. हॉलच्या लांब भिंतीशी ६० सेंमीची गल्ली सोडा. ३० चौ. मीटरमधले साडेतीन जातात आणि जागा वाया गेली असं वाटतं. पण बाटल्यांचं फडताळ, कपाटं, चोरदरवाजा असं तार लागणारं सगळं या गल्लीला पाठ करून बसवलं की खेळ चालू असतानासुद्धा मागून हात घालून दुरुस्ती होते. गल्ली नसेल तर प्रत्येक दुरुस्तीला समोरचा रंगवलेला पत्रा काढावा लागतो. चार वेळा काढला की स्क्रूची भोकं ढिली होतात, खेळणाऱ्यांना ती दिसतात आणि ते नाण्याने खोलायला लागतात.

मॅगलॉक गपचूप सुटतो, हे विसरू नका. कपाट उघडलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. दारामागे दाबाची स्प्रिंग किंवा छोटा गॅस स्ट्रट (गॅसच्या दाबाने ढकलणारा दांडा) लावा, दार स्वतःहून दोन-तीन सेंमी पुढे आलं पाहिजे. पण स्प्रिंग इतकी जोरकस नको की रिसेट करताना दार दाबून धरायला दुसरा माणूस लागेल. आत दिवा पेटला तर अजून बरं.

चोरदरवाजा जड होणार, त्याला फडताळ चिकटलेलं असणार. तीन बिजागऱ्यांवर लटकवण्यापेक्षा खाली बाहेरच्या कोपऱ्यात चाक द्या, भार जमिनीवर जाऊ दे. चाक दिसू नये म्हणून खाली पट्टी मारतात, ती फरशीपासून १० मिमी वर ठेवा. फरशी कधीच सपाट नसते. बिजागरीच्या बाजूची फट झाकून घ्या, बोटं अडकायची जागा तीच.

---

निळी_तार

@सोल्डरवाला, बाकी सगळं मान्य, पण एनसीचा सल्ला असा सरसकट देऊ नका. कपाटांना ठीक. माणसं ज्या दारातून बाहेर पडतात त्याला तो चुकीचा. तिथे कंट्रोलर मेला की दार सुटलं पाहिजे, म्हणजे एनओ टोक (रिले बंद असताना तुटलेलं असतं ते). खेळ फसला तर पैसे परत देता येतात.

@रिकामा_हॉल, हा भाग कोड्यांच्या आधी ठरवा. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूममध्ये १५ वर्षांच्या पाच मुली मेल्या. आग त्यांच्या खोलीत लागलीच नव्हती. बाहेरच्या प्रतीक्षागृहात, गॅस हीटरपाशी लागली. बाहेर जायची वाट तिथूनच होती, दुसरी नव्हती. मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने झाला.

त्यावरून घ्यायचं ते असं. प्रवेशाचं दार लॉकच करायचं नाही. ते आतून नुसतं ढकलून उघडलं पाहिजे, किल्ली नाही, कोड नाही, बटणही नाही. 'कोंडलोय' ही भावना गोष्टीतून येते. खेळ आतलं दार उघडायचा असू शकतो, बाहेरचं दार उघडायचा असलाच पाहिजे असं नाही. तुमच्या आतल्या खोलीला शक्य असेल तर गल्लीत उघडणारं दुसरं दार द्या. @रंधा_पटाशी यांची ६० सेंमीची गल्ली दुरुस्तीला पुरते, सुटकेच्या वाटेला नाही. त्या बाजूने माणसं काढायची असतील तर रुंदी तुमच्या भागातल्या अग्निशमन नियमाप्रमाणे घ्या आणि प्लाय कापायच्या आधी नकाशा मंजूर करून घ्या.

चोरदरवाजा बंद झाल्यावर आत कुणी राहू शकत असेल तर त्याच्या मॅगलॉकच्या प्लस तारेत या गोष्टी एकापाठोपाठ एक, मालिकेत: आतलं हिरवं बटण, बाहेरचं लाल बटण आणि आगीच्या अलार्मच्या पॅनेलचा रिले. यांतलं काहीही तुटलं की कुलपाची वीज तुटते. कंट्रोलरला विचारायचं नाही. 'बटण दाबलं की प्रोग्राम दार उघडेल' ही सोय झाली, सुरक्षा नाही.

इथे दोन खोड्या आहेत. पहिली, यूपीएस. कुलपांचा सप्लाय यूपीएसवर टाकला की 'वीज गेली की दार सुटतं' हे गृहीतकच उडतं. अलार्मचा रिले यूपीएसच्या पुढे, थेट कुलपाच्या १२ व्होल्टच्या तारेत हवा. दुसरी, बटण सप्लायच्या आधी, मेनच्या बाजूला घालणं. सप्लायमधले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत कुलूप धरून राहतं. १२ व्होल्टच्याच बाजूला तोडा.

रोज सकाळी पहिल्या खेळाआधी प्रत्येक बटण दाबायचं आणि दार हाताने ओढून बघायचं. नुसता 'टिक' आवाज ऐकून पुढे जायचं नाही.

खेळणाऱ्यांचा हात पोचेल तिथे १२ किंवा २४ व्होल्टच. २३० चे सॉकेट झाकून टाका. थर्माकोल, फोम, सुटे पडदे, सुतळीच्या जाळ्या सजावटीला नकोत. धुराचं यंत्र हवंच असेल तर आधी डिटेक्टर बसवणाऱ्याशी बोला. धुक्याने अलार्म वाजतो, मग कोणीतरी डिटेक्टरवर पिशवी बांधतं आणि ती तशीच राहते.

---

सोल्डरवाला

@निळी_तार, बरोबर. दाराला एनओ, कपाटांना एनसी. आणखी एक जोडतो: बाजारातली बरीच रिले मॉड्यूलं 'लो' सिग्नलवर चालतात. बोर्ड सुरू होताना पिन तरंगत असतात (त्यांच्यावर ठरलेला सिग्नल नसतो), रिले क्षणभर टकटकतो आणि एनसीवरची कपाटं सकाळी वीज देताच उघडतात. पिन आउटपुट करायच्या आधी तिच्यावर 'हाय' लिहा आणि १० किलोओहमने प्लसला ओढून ठेवा. कंट्रोलरला वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रिसेट करणारी सोय) लावत असाल तर नॅनोवरचा बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) तपासा, जुन्यात वॉचडॉग चालला की बोर्ड रिसेटच्या चक्रात अडकतो.

आता बाटल्या. आरएफआयडी भरवशाचं आहे, चार गोष्टी सांभाळल्या तर.

आरसी५२२ रीडर १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो, वाचायचं अंतर तीन ते पाच सेंमी, चिकटपट्टीच्या छोट्या टॅगला त्याहून कमी. फळी १८ मिमीची असेल तर खालून खोबण काढून वर ३ मिमीच लाकूड ठेवा आणि रीडर तिथे चिकटवा. फडताळाला पत्रा किंवा लोखंडी पट्टी नको. मागे धातू आला की अँटेनाचा ताल बिघडतो आणि अंतर निम्मं होतं. बाटली काचेची असेल तर टॅग बुडाखाली लावा. बुडाला आत खोलगा असतो, तिथे टॅग वर चढतो आणि एक सेंमी अंतर वाया जातं. खोलगा भरून सपाट करा. बाटलीला धातूचा तळ असेल तर फेराइटचा थर असलेला टॅग लागतो.

हा रीडर ३.३ व्होल्टचा आहे, ५ वर लावू नका. त्याची एसपीआय जोडणी (कंट्रोलरशी बोलायच्या तारा) लांब तारांसाठी नाहीच. अर्ध्या मीटरपुढे वाचन गळायला लागतं. चार रीडर, एक नॅनो, सगळं फडताळाच्या मागे एकाच जागी. रीडर एकमेकांपासून १० सेंमीच्या आत असतील तर शेजारचं क्षेत्र त्रास देतं. एका वेळी एकाचीच अँटेना चालू ठेवा, वाचा, बंद करा, मग पुढचा.

प्रोग्राममधली ठरलेली चूक अशी: बाटली जागची हललेली नसते तरी नेहमीच्या लायब्ररीत वाचन 'आहे, नाही, आहे, नाही' असं येतं, कारण एकदा वाचलेला टॅग झोपवला जातो आणि 'नवा टॅग आला का' या प्रश्नाला एकाआड एक 'नाही' मिळतं. सरळ त्यावर तपासलं तर चारही बाटल्या एकाच क्षणी 'आहे' म्हणायचा योग क्वचित येतो, आणि कपाट कधी उघडतं कधी नाही. सलग तीन वाचनं चुकली तरच बाटली उचलली असं धरा.

बाटल्या फुटणार. प्रत्येक बाटलीचे दोन टॅग क्रमांक आधीच प्रोग्राममध्ये ठेवा आणि दुसरी तशीच बाटली खोलीबाहेर तयार ठेवा.

एवढी झंझट नको असेल तर बाटलीच्या बुडात निओडिमियम चुंबक, फळीखाली रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा). स्वस्त, टिकाऊ, पण कुठलीही बाटली कुठल्याही जागी चालते. चुंबकाची जागा प्रत्येक बाटलीत वेगळी ठेवून क्रम बांधता येतो, पण मग बाटली फिरवून ठेवता येऊ नये म्हणून बूड चौकोनी लागतं. रीड स्विचने कुलूप थेट चालवू नका. त्याची टोकं कॉइलच्या ठिणगीने चिकटून बसतात आणि कोडं कायमचं 'सुटलेलं' राहतं.

---

रिकामा_हॉल

खूप मोलाचं. हॉलचा नकाशा बदलतोय, आतल्या खोलीला दुसरं दार निघतंय.

दोन शंका. काउंटरवरचीच व्यक्ती गेममास्टर म्हणून चालेल का? आणि तराजूचं कोडं: पारड्यात बरोबर वजन ठेवलं की खण उघडायचा. साधा काटा आणि स्विच, की लोड सेल (वजनाचा सेन्सर)?

---

कोडेकर

काउंटरवरची व्यक्ती नाही. तिकीट फाडताना कॅमेऱ्याकडे पाठ होते. एका गेममास्टरकडे एक खेळ, फार तर दोन. त्याच्यासमोर बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही खोल्यांचे कॅमेरे, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा आवाज, आणि प्रत्येक कोड्याची स्थिती दाखवणारा पडदा: सुटलं, अर्धवट, बंद. शेजारी प्रत्येक कुलपासाठी 'उघडा' बटण. सेन्सर मेला तर गेममास्टर गुपचूप कुलूप उघडतो आणि खेळणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. त्या पडद्यावर विसंबून न राहता प्रत्येक कपाट गल्लीतून हाताने उघडायची सोयही ठेवा. बंद कपाटात पुढच्या धाग्याची किल्ली आणि कुलपाचा बोर्ड मेलेला, या वेळी तीच कामाला येते.

कॅमेरा कोड्यांच्या वर लावा, म्हणजे हात दिसतात. कोपऱ्यातून फक्त पाठी दिसतात.

चाचणी कागदावरच सुरू करा. पुठ्ठ्याचे खोके, चिठ्ठ्या, 'उघडलं' असं तोंडी सांगणारा एक माणूस. वायर ओढायच्या आधी दोन-तीन गट असे बसवा. बांधून झाल्यावर आठ-दहा गट, ओळखीचे आणि अनोळखी दोन्ही. प्रत्येक कोड्याच्या तीन वेळा टिपा: धागा दिसला कधी, हात घातला कधी, सुटलं कधी. दिसून हात घालेपर्यंत दहा मिनिटं जात असतील तर कोडं अवघड नाही, ते कोडं आहे हेच कळत नाहीये. दिवा किंवा रंग बदला. हात घातल्यावर अडकत असतील तरच कोड्यात बदल. अर्ध्याहून जास्त गट एकाच जागी मदत मागत असतील तर दोष गटांचा नसतो.

रंगांवर आधारलेलं काही असेल तर रंगासोबत आकार किंवा खूणही द्या. पुरुषांमध्ये साधारण पाच ते आठ टक्के लोकांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही. रंगीत दिव्याखाली तर कुणालाच दिसत नाही.

रिसेटची यादी कोड्यांच्या क्रमाने नव्हे, चालण्याच्या क्रमाने लिहा: आतल्या खोलीतून सुरू, दाराशी संपली. प्रत्येक ओळीत वस्तू, जागा आणि संख्या. 'फडताळ: बाटल्या ४, तिसऱ्या फळीवर, लेबल आत.' शेवटची ओळ कायम एकच: पडद्यावर सगळी कोडी 'बंद' दिसतात का. रिसेटनंतर एखादं कपाट उघडं राहिलेलं यातूनच पकडलं जातं.

---

सोल्डरवाला

तराजूला लोड सेल. काटा आणि स्विच केला तर लोक काटा बोटाने ढकलतात आणि काम झालं.

५ किलोचा बारसारखा लोड सेल, त्याचं वाचन कंट्रोलरला देणारं एचएक्स७११ मॉड्यूल, सेकंदाला १० वाचनं पुरेत. ठेवायच्या वस्तूंमध्ये निदान १०० ग्रॅमचा फरक ठेवा आणि १५ ग्रॅम कमी-जास्त चालू द्या. त्याहून काटेकोर केलंत तर तापमानाने शून्य सरकतं तेवढ्यावर कोडं अडतं. शून्य दर रिसेटला नव्याने घ्या. खेळ चालू असताना आपोआप घेऊ नका, नाहीतर वस्तू बराच वेळ पारड्यात राहिली की प्रोग्राम तिलाच शून्य समजतो. वजन दोन सेकंद सलग त्या १५ ग्रॅमच्या आत राहिलं तरच खण उघडा, कारण पारडं हाताने दाबणारा माणूस त्या आकड्यावरून क्षणभर जातोच.

बार एका टोकाला पक्का, दुसऱ्याला पारडं, मधे खालून काही टेकता कामा नये. पण मोकळ्या टोकाखाली अगदी बारीक फटीवर बोल्ट उभा करा. कोणीतरी पारड्यावर कोपर टेकणार. बोल्ट नसेल तर बार वाकतो आणि मग पारडं रिकामं असलं तरी आकडा शून्यावर येत नाही. बोल्टची उंची पारड्यात ४ किलो ठेवून लावा: तेवढ्याला टेकू नये, हाताने अजून जरा दाबलं की टेकावा.